बऱ्या झालेल्या खुराची पट्टी

नाना, तुम्ही गेल्यापासून मी तीनदा तुमच्या घराकडे गाडी वळवली. तिन्ही वेळा पाण्याच्या टाकीपर्यंत गेले आणि तिथूनच मागे फिरले. काल तुमच्या सुनेनं, मंगलनं, ओट्यावरून मला पाहिलं. तिनं हात केला, मीही केला आणि गाडी वळवून निघून आले. तिला काय सांगणार होते? तुझ्या सासऱ्यांशी माझं एक भांडण अर्धं राहिलंय, ते पुरं करायला आलेय, असं?

तुम्ही जाऊन तेरा दिवस झाले. लोक म्हणतात तेराव्यानंतर मन जागेवर येतं. माझं आलेलं नाही. रुग्णालयात खुर्चीवर बसले की उठावंसं वाटतं, आणि उठून कुठे जायचं ते कळत नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे. लिहितानाही दोनदा उठून झालं.

तुमची माझी पहिली भेट तुम्ही सगळ्यांना रंगवून सांगायचात, आणि दर वेळी थोडी बदलायचात. खरी अशी होती. मी नगरहून इथल्या सरकारी रुग्णालयात समुपदेशक म्हणून रुजू झाले होते. इंजेक्शनच्या खोलीशेजारी मला एक खोली मिळाली होती. दारावर पाटी, आत टेबल, दोन खुर्च्या आणि एक पंखा. पाच आठवड्यांत त्या खोलीत एकही माणूस आपणहून आला नव्हता. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका पाटी वाचून पोरांना पलीकडे ओढायच्या. तुम्ही एका शेतकऱ्याला घेऊन आला होतात, बैलानं त्याचा हात फाडला होता. त्याला टाके पडेपर्यंत तुम्ही माझ्या खोलीत येऊन बसलात. पंखा होता म्हणून.

"हितं काय करत्यात?" तुम्ही विचारलंत.

"लोक बोलायला येतात. मनावर ताण असेल, झोप लागत नसेल, तर."

"कोन येतं?"

"अजून कुणी नाही आलं."

तुम्ही हसलात. मला राग आला, इतका की तो चेहऱ्यावर दिसला असणार, कारण तुम्ही लगेच गंभीर झालात. म्हणालात, "ताई, गाय आजारी पडली तर मानूस बारा किलोमीटर पायी येतंय डॉक्टरला बोलवाया. सोताचं बिनसलं तर घरातबी सांगत न्हाई. तुमी खुर्ची भलत्याच दारात टाकलीय." आणि मग, जणू आधीपासून ठरलेलंच होतं अशा सुरात, "गाडी हाय का तुमच्याकडं? माझा गुडघा गेलाय. तुमी चालवा, मी रस्ता दावतो."

जनावरांच्या सरकारी दवाखान्यात तुम्ही तीस-बत्तीस वर्षं ड्रेसर होतात. जखम धुणं, पट्टी बांधणं, जनावर धरून ठेवणं. निवृत्त झालात तरी वस्त्यांवरून बोलावणी थांबली नव्हती. सगळे तुम्हाला डॉक्टर म्हणायचे आणि तुम्ही दर वेळी दुरुस्ती करायचात, "मी डॉक्टर न्हाई, डॉक्टरच्या हाताखालचा हाय." आजार मोठा दिसला की तुम्ही खऱ्या डॉक्टरांना फोन लावायचात. बाकी खूर, शिंग, गोचीड, जखमा तुमच्याकडे. त्या दिवसापासून आठवड्यातले तीन दिवस माझ्या स्कूटीच्या मागे तुम्ही, मांडीवर औषधांची पिशवी. गावात म्हणायला लागले, डॉक्टरनी ड्रायव्हर ठेवली. तुम्हाला ते फार आवडायचं. मला नाही आवडायचं, पण मी कधी बोलले नाही.

पहिल्याच वस्तीवर मी वही काढली. माणूस धार काढत होता. मी विचारलं, झोप नीट लागते का? तो म्हणाला, लागती. भूक? लागती. कामात मन लागतं का? लागतं की. मी तीन खुणा केल्या आणि वही मिटली. परतीच्या वाटेवर तुम्ही माझ्या खांद्यामागून म्हणालात, "त्यानं दुसरं काय म्हनावं? अनोळखी बाई हुबी ऱ्हाऊन इचारती, झोप लागती का. मलाबी लागती म्हनलो असतो मी."

तुमची रीत मला कळायला वर्ष गेलं. तुम्ही जनावराजवळ बसायचात. कान चाचपायचात, डोळ्याची पापणी खाली ओढून बघायचात आणि विचारायचात, हिचं कसं काय चाललंय? मग गप्प. ती शांतता मला असह्य व्हायची. एकदा एक माणूस आपल्या गाईकडे बघत म्हणाला, "दोन म्हैने झालं, गपच ऱ्हाती. पुढ्यात टाकलं तर खाती, न्हाई तर न्हाई." तुम्ही मान हलवलीत. तुमची नजर गाईवर नव्हतीच, गोठ्याच्या दारात उभ्या असलेल्या त्याच्या बायकोवर होती. तिच्या पदरात दळण होतं आणि ती ते घेऊन कुठे निघाली होती हे विसरली होती. गाय ठणठणीत होती, नाना. मला ते परत येताना तुम्ही सांगितल्यावर कळलं. त्या बाईकडे आपण पुढे पाच महिने जात राहिलो. ती आता माहेरी जाते, बचत गटात जाते, भांडतेसुद्धा. तुम्ही म्हणायचात, भांडाया लागली म्हंजे बरी झाली.

आणि मीही काही शिकवलं तुम्हाला, हे आज सांगायलाच हवं. नाही तर ही सगळी तुमची आरती होईल आणि ती तुम्हालाच आवडणार नाही. ज्या माणसाला तुम्ही "नुसता थकलाय, चार दिवस ऱ्हाऊ द्या" म्हणालात, त्याला मी हट्टानं बुधवारच्या ओपीडीत नेलं. नगरचे मानसोपचार डॉक्टर येतात तेव्हा. तो महिनाभरात गोळ्यांनी उभा राहिला. तुम्ही त्याला शेतात कुदळ मारताना पाहिलंत आणि म्हणालात, "गोळी म्हंजे साधी न्हाई बरं का." एवढंच. मला तेवढं पुरलं होतं.

आता कांताबाईंकडे येते. इतका वेळ टाळत होते.

कांताबाईंची वस्ती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. कालव्यापलीकडे, तिन्ही बाजूंनी ऊस, चौथ्या बाजूला बैलगाडीची चाकोरी. नवरा वारल्याला वर्ष झालं होतं. मुलगा संतोष चाकणला कंपनीत. बाई सात गाई आणि तीन एकर ऊस एकटी बघत होत्या. त्यातच त्या उसात बिबट्या दिसला. आधी कुत्रं गेलं, मग शेजारच्या वस्तीवरची शेळी. तेव्हापासून दिवस कलला की कुणी त्या वाटेला फिरकेना. आधी बायका चार वाजता चहाला यायच्या, त्या थांबल्या. दूधगाडीवाला चाकोरीच्या तोंडाशीच हॉर्न वाजवायला लागला. कांताबाई दिवसाढवळ्या दाराला आतून कडी लावून बसायच्या. बिबट्या पुढे वनखात्यानं पिंजरा लावून धरला, नेला. पण बायका काही परत आल्या नाहीत. येणं मोडलं की मोडतंच.

एका गाईच्या खुरात खिळा गेला म्हणून कांताबाईंनी तुम्हाला बोलावलं. तेव्हा मी प्रशिक्षणाला नगरला होते. तुम्ही कुणाच्या तरी मोटारसायकलवर गेलात, खूर धुतलंत, पट्टी बांधलीत. दुसऱ्या दिवशी परत गेलात. तिसऱ्या दिवशी बाई तुमच्याशी बोलल्या. काय बोलल्या ते मला शब्दशः माहीत नाही. जगून काय करायचं, असं काही तरी. नुसतं बोलणं नव्हतं, मनाशी त्यांनी काही ठरवलेलं होतं, हे तुम्हाला कळलं. गोठ्याच्या फळीवरची फवारणीची सगळी औषधं तुम्ही, "मुदत संपलीय, दुकानदाराकडनं बदलून आनतो," म्हणून उचलून नेलीत. आणि त्यांनी तुमच्याकडून शपथ घेतली, गाईच्या पाठीवर हात ठेवायला लावून, की हे कुणाला सांगायचं नाही. पोराला तर नाहीच.

मी परत आले तेव्हा नववा दिवस होता. तुम्ही म्हणालात, चला, खुराची पट्टी बदलायचीय. मी गोठ्याबाहेर उभी राहून तुम्हाला पट्टी सोडताना पाहत होते. पट्टी सुटली. खूर कोरडं, जखम कधीच भरलेली. तुम्ही ते बरं झालेलं खूर लाल औषधानं नीट धुतलंत, पुसलंत आणि नवी पट्टी बांधलीत. कांताबाई समोर पाटावर बसून सगळं बघत होत्या. त्यांनाही ते खूर दिसत होतंच. मग त्यांनी चहा टाकला. तुम्ही म्हणालात, "उद्या परत बघावं लागंल." त्या म्हणाल्या, "या की."

कालव्याच्या कडेला मी गाडी थांबवली. "नाना, ते खूर बरं झालंय."

"व्हय."

"मग पट्टी कशाला?"

तेव्हा तुम्ही सांगितलंत. शपथ मोडून सांगितलंत, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही. मी तुमच्यावर ओरडले. भर रस्त्यात, येणारे-जाणारे बघत होते. "सहा दिवस? तुम्ही सहा दिवस मला सांगितलं नाहीत? चौथ्या दिवशी काही झालं असतं तर?"

"झालं न्हाई ना."

"हे नशीब आहे, नाना. उपचार नाही."

"ती माझ्यासंगं बोलती. तुमी गेला असता गाडी घिऊन, दवाखान्याचं कार्ड घिऊन, तर बोलली असती? कडी लावून घेतली असती तिनं."

"आणि तुम्ही एक दिवस आजारी पडलात तर? ती कुणाची वाट बघेल?"

त्यावर तुम्ही उत्तर दिलं नाहीत. मला वाटलं, मी जिंकले. आज तो माझा प्रश्न मला आठवला की बसवत नाही, उठून दारापर्यंत जावं लागतं.

त्याच दुपारी मी संतोषला फोन केला. माझ्या शिक्षणाप्रमाणे ते बरोबर होतं. जीव धोक्यात असेल तर जवळच्या माणसाला सांगायचं, गुपित तिथं संपतं. हे मी आजही म्हणेन. पण फोन करण्याआधी मी तुम्हाला विचारलं नाही. कांताबाईंनाही विचारलं नाही. त्यांच्यासमोर बसून, "मला भीती वाटते, मी तुमच्या मुलाला सांगणार आहे," एवढं म्हणायला मला दहा मिनिटं लागली असती. मी ती दिली नाहीत. का दिली नाहीत? तुम्हाला दाखवून द्यायचं होतं म्हणून? हे मी स्वतःला विचारते आणि अर्ध्यातच सोडून देते.

संतोष त्याच रात्री गाडी घेऊन आला. घाबरलेला होता, आणि घाबरलेला माणूस जे करतो तेच त्यानं केलं. उजाडताच गाई व्यापाऱ्याला दिल्या, घराला कुलूप लावलं आणि आईला चाकणच्या फ्लॅटवर नेलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही ठरल्याप्रमाणे पट्टी बदलायला गेलात, तेव्हा गोठ्यात नुसत्या दावणी होत्या.

तुम्ही थेट रुग्णालयात आलात. खोलीत आला नाहीत, दारातच उभे राहिलात. मला "ताई" म्हणायचात, त्या दिवशी "म्याडम" म्हणालात.

"बाई वाचली, म्याडम. बरं झालं. आता ती ऱ्हाईल कुठं आन् करंल काय, तेबी लिवा तुमच्या कागदात."

आणि गुडघा ओढत निघून गेलात. पुढचे चार महिने आपण बोललो नाही.

ते चार महिने कसे गेले, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. मी एकटी वस्त्यांवर जायचे. लोक खुर्ची द्यायचे, पाणी द्यायचे, "समदं बरं हाय" म्हणायचे. मी चाकणला दोनदा फोन केला. संतोष म्हणाला, आई बरी आहे, टीव्ही बघते. मी म्हटलं, जरा द्या त्यांना. मागून आवाज आला, "न्हाई म्हनावं." तिसऱ्यांदा फोन करायचा धीर झाला नाही.

मग एका सकाळी तुम्ही माझ्या स्कूटीपाशी उभे होतात. पिशवी खांद्याला. काहीच झालं नव्हतं अशा आवाजात म्हणालात, "चला. एक मानूस डोकं धरून बसलाय, चार दिस झालं. माझ्या आवाक्यातला न्हाई." मी किल्ली लावली. वाटेत मी तीनदा तोंड उघडलं. तिन्ही वेळा तुम्ही काही तरी दुसरंच काढलंत, कुणाचा ऊस तुटला, कुणाची कालवड व्याली. कांताबाईंचं नाव आपण दोघांनी पुन्हा कधीच घेतलं नाही. जवळजवळ एक वर्ष, नाना. एकाच गाडीवर बसून.

मला वाटायचं, तुम्ही मला माफ केलेलं नाही, फक्त कामापुरतं सोबत घेतलंय. आणि मला वाटायचं, मी कशाला माफी मागू, मी चूक कुठे होते? दोन्ही एकाच वेळी वाटायचं. अजूनही वाटतं.

शेवटच्या दिवसाबद्दल लिहायचं नव्हतं, पण लिहिते. त्या दिवशी तुम्ही दोनदा गाडी थांबवायला लावलीत. छातीत जळजळतंय म्हणालात, पित्त झालंय. डावा खांदा दाबत होतात. मी टपरीवरून लिंबू-सोडा आणून दिला आणि म्हटलं, सकाळी उपाशी निघता म्हणून होतं हे. पाच वर्षं मी या तालुक्यातल्या माणसांना विचारत फिरले, कुठं दुखतं, कधीपासून दुखतं, झोपेतून जाग येते का. तुम्हाला एकदाही विचारलं नाही. तुम्ही माझ्या पाठीमागे बसायचात, नाना. तुमचा चेहरा मला दिसायचाच नाही. दुसऱ्या सकाळी पाणी भरताना तुम्ही नळापाशीच खाली बसलात आणि उठला नाहीत, असं मंगलनं सांगितलं. ती म्हणाली, "आमाला वाटलं, गुडघा धरला आसंल."

दशक्रियेला नदीवर खूप माणसं होती. भाषणं झाली. कुणी तुम्हाला मुक्या जिवांचे कैवारी म्हणालं, कुणी समाजभूषण. ज्यांनी तुम्हाला उभ्या आयुष्यात एकदाही चहा विचारला नव्हता ते माइकवर सद्गदित झाले. मी मागे उभी होते. मला हसू येत होतं आणि ते दाबायला तुम्ही शेजारी नव्हतात.

तेवढ्यात कुणी तरी माझा दंड धरला. कांताबाई होत्या. थोड्या वाळलेल्या, पण केस विंचरलेले, अंगावर स्वच्छ सुती लुगडं. मला वाटलं, आता या इथं, सगळ्यांसमोर, मला बोलणार. बोलू देत, असंच मी ठरवलं.

त्या म्हणाल्या, "वळखलं का?"

"ओळखलं. कधी आलात?"

"दिवाळीच्या आधीच आले. दोन गाई हायेत परत."

मग त्यांनीच हळूहळू सांगितलं. तुम्ही चाकणला गेला होतात. बसनं, तो गुडघा घेऊन, चौथ्या मजल्यापर्यंत. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्या खेपेला संतोषला समोर बसवून तुम्ही म्हणालात, आईला गावाकडं पाठव, पण अट अशी की महिन्याच्या महिन्याला डॉक्टरला दाखवायचं, आणि शेजारच्या वस्तीवरच्या मुक्ताबाईनं रोज एक चक्कर मारायची. मुक्ताबाईला तुम्ही आधीच कबूल करून घेतलं होतं. आणि डॉक्टर? माझ्या बुधवारच्या ओपीडीत यायला कांताबाईंची तयारी नव्हती, त्यांना माझं तोंड बघायचं नव्हतं. म्हणून तुम्ही त्यांना नगरला नेलंत. चार वेळा. सकाळच्या एसटीनं जायचं, केसपेपरच्या रांगेत उभं राहायचं आणि दुपारच्या गाडीनं परत. ज्या गोळ्यांवर तुमचा एके काळी भरवसा नव्हता, त्या गोळ्या तुम्ही स्वतः त्यांच्या हातावर ठेवल्यात.

एक वर्ष माझ्या मागे बसून तुम्ही यातलं एक अक्षर मला सांगितलं नाही!

मी कांताबाईंना विचारलं, "माझ्याबद्दल काही बोलले का नाना?"

घाटावर कुणाचं तरी भाषण चालूच होतं. त्या म्हणाल्या, "मी लई राग राग करायचे तुमचा. एसटीत बसून शिव्याबी घातल्या. तवा नाना म्हनले, राग धरू नको त्या पोरीवर. तिला भ्या वाटलं, म्हनून तिनं सांगितलं. मलाबी भ्या वाटलं, म्हनून मी सांगितलं न्हाई. दोघंबी भ्यालेलोच हुतो."

मला रडू आलं नाही. येईल असं वाटलं होतं. उलट राग आला, तुमचा. हे तुम्ही मला का नाही सांगितलंत? कालव्याच्या कडेला, गाडी थांबवून, एवढी दोन वाक्यं? मला वाटायचं तुम्हाला कशाचीच भीती वाटत नाही. तुम्ही त्या गोठ्यात शांतपणे बसून पट्टी बांधत होतात आणि मी बाहेर उभी राहून तुमच्या धीराचा हेवा करत होते, नाना. रोज तुम्ही जीव मुठीत धरून त्या चाकोरीनं जात होतात, आज काय दिसेल म्हणून. आणि मी तुम्हाला म्हणाले, हे नशीब आहे.

मी कांताबाईंना शेवटी विचारलंच. विचारायला नको होतं कदाचित, पण मला राहवलं नाही. "मी तेव्हा संतोषला फोन केला, ते बरं केलं की वाईट?"

त्यांनी नदीकडे बघितलं. "त्या खोल्यांत माझं डोस्कं फिरायची येळ आलती. खाली बघितलं की माती दिसत नव्हती. गाई गेल्या, त्यातली एक तर जन्मल्यापासनं मी वाढवल्याली... ते न्हाई इसरत. पन हितं ऱ्हायले असते, तर जित्ती ऱ्हायले असते का, तेबी मला सांगता येत न्हाई." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आजून कळंना बघा मला. कळलं तर सांगीन."

एवढ्या सरळपणे आजवर मला कुणी उत्तर दिलं नव्हतं. तुम्हीसुद्धा नाही.

तर आपला वाद सुटलेला नाही. मी पुन्हा तशा जागी उभी राहिले तर घरच्यांना सांगेनच. पण आधी त्या बाईसमोर बसेन, तिच्या तोंडावर सांगेन, तिच्या शिव्या खाईन आणि दुसऱ्या दिवशी परत तिच्या दारात जाईन. तुम्ही म्हणाल, मग शपथेचं काय? मला माहीत नाही. शपथा मी घेणारच नाही, असं आज म्हणते. कुणी माझा हात धरून गाईच्या पाठीवर ठेवला तर काय करीन, ते तेव्हाच कळेल.

आज सकाळची गोष्ट सांगते आणि थांबते. साडेआठला अनोळखी नंबरवरून फोन आला. माणसाचा आवाज. "डॉक्टर फोन उचलंनात. त्यांनी तुमचा नंबर दिलता मागं. म्हैस चारा खाईना, तीन दिस झालं." मी म्हटलं, दादा, डॉक्टर वारले. मला म्हशीतलं काही कळत नाही, हे मी त्याला सांगितलं. तरी विचारलं, येऊ का? तो म्हणाला, या.

गेले. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना वाटेतूनच फोन केला, ते दुपारी येतो म्हणाले. वस्तीवर तो एकटाच होता. पन्नाशीचा, दाढी वाढलेली. चुलीत जाळ नव्हता, दोरीवर एकाच माणसाचे कपडे होते. मी म्हशीजवळ जाऊन उभी राहिले आणि तुम्ही करायचात तसा तिचा कान चाचपला. त्यातून मला काहीच कळलं नाही. तो बांधाला टेकून बघत होता. मला विचारायचे होते ते सगळे प्रश्न जिभेवर आले होते. मी ते गिळले. बराच वेळ आम्ही दोघं म्हशीकडे बघत राहिलो.

मग तो म्हणाला, "डॉक्टर दर सोमवारी यायचे. म्हशीला काय झाल्यालं नसलं तरी यायचे."

मला हेही माहीत नव्हतं, नाना. सोमवारी तुम्ही मला सुटी द्यायचात आणि गुडघा दुखतोय म्हणून सांगायचात. किती घरं होती तुमची अशी? यादी कुठे ठेवली होतीत? मंगलला फोन करून विचारलं, ती म्हणाली, घरात कागदाचा चिटोरा नाही. सगळं तुमच्या डोक्यात होतं आणि ते तुम्ही घेऊन गेलात. आता ते लोक सोमवारी, मंगळवारी, आपापल्या दारात उभे राहत असतील आणि मला त्यांची नावंही ठाऊक नाहीत. ती कुणाची वाट बघेल, असं मी तुम्हाला रागानं विचारलं होतं. तेव्हाही तुमच्यापाशी याचं उत्तर नव्हतं, आणि माझ्यापाशी आजही नाही.

तो माणूस म्हणाला, "मंग आता आमी कुनाला बोलवायचं?"

मी म्हणून गेले, "मला बोलवा. जनावराला डॉक्टर मी आणीन."

त्यानं मान हलवली, विश्वासानं की नुसतीच, ते मला ओळखता आलं नाही. मग आत जाऊन त्यानं काड्या मोडल्या आणि चूल पेटवायला घेतली. चहा होईपर्यंत बसा म्हणाला. जाळ धरायला वेळ लागला. मी बसले. त्यानं कप पुढे केला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "सोमवारी याल?"

हो म्हणाले, नाना. मला झेपेल का, माहीत नाही.